जपून ठेवलेल्या नाळेतला पारा

आपल्याकडे बाळाची नाळ पुरतात. जपानमध्ये तिचा वाळलेला तुकडा छोट्याशा लाकडी पेटीत घालून वर्षानुवर्षं जपतात. या घरगुती चालीमुळे एका विषाचा असा पुरावा हाती आला, जो कुठल्याच इस्पितळाच्या दप्तरात नव्हता.

क्यूशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनी १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यासाठी पारा लागे. त्यातून आयताच तयार होणारा मिथाइल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई, तिथून माशांत. गावातली मांजरं पिसाटल्यासारखी नाचू लागली. मग माणसांचे हात थरथरू लागले, नजर अरुंद झाली, बोलणं अडखळू लागलं. मे १९५६ मध्ये कंपनीच्याच इस्पितळातले डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडून ही खबर सरकारी आरोग्य केंद्राला गेली. पाऱ्याची ती प्रक्रिया मात्र बंद झाली १९६८ साली. मधली बारा वर्षं लोक तेच मासे खात होते.

खरं कोडं मुलांचं होतं. माशाचा घासही न घेतलेली बाळं आजारी जन्मत होती, आणि आया मात्र बहुधा धडधाकट दिसत. वार विष अडवते, अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. डॉ. मासाझुमी हारादा यांना ती पटेना. पुढे त्यांनी घराघरांतल्या त्या पेट्यांतल्या नाळा मिळवून तपासल्या. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत जोरात होतं, त्या वर्षांत जन्मलेल्यांच्या नाळेत मिथाइल पारा जास्त होता!

तो वारेतून पार होतो कसा, हे तर आणखी अचंबित करणारं. शरीरात तो सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी मेथिओनीन या पोषक आम्लासारखी दिसते. खोट्या ओळखपत्रावर आत घुसणाऱ्या माणसासारखं हे विष वारेतून बाळाकडे आणि रक्तातून मेंदूत जातं. दरवाजा फोडावा लागत नाही. शरीर स्वतःच उघडून देतं.

शिवाय हे विष माशांत पोचायला मिनामातासारखा कारखाना लागतोच असं नाही. दगडी कोळसा जाळला की त्यातला पारा वाफ होऊन हवेत महिनोन्महिने फिरतो, दूर आर्क्टिकमध्ये जाऊन पडतो. पाण्याखालच्या चिखलातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि लहान माशाकडून मोठ्याकडे जाताना तो साठत जातो. शार्क, म्हणजे आपली मोरी, या साखळीच्या वरच्या टोकाला. अशा भटक्या धातूला कुठलं एक राष्ट्र कसं आवरणार?

म्हणून मिनामाता करार. १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतो शहरात तो स्वीकारला गेला, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी नकोत, जुन्या पंधरा वर्षांत बंद करा, थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रं पाऱ्याविना बनवा, असं तो सांगतो. पारंपरिक वा धार्मिक वापराच्या वस्तूंना उत्पादनबंदीतून सूट आहे, त्यामुळे पारद शिवलिंग त्यातून सुटतं. ही सूट मला जरा सैलच वाटते.

पण जमा झालेल्या पाऱ्याचं करायचं काय? ते मूलद्रव्य आहे; जाळून, पुरून, विरघळवून संपत नाही. युरोपीय संघानं शोधलेली वाट गमतीशीर आहे: कायमचा पुरण्याआधी त्याचा गंधकाशी संयोग करून मर्क्युरी सल्फाइड बनवायचं. म्हणजे हिंगूळच की! ज्यातून माणसानं हजारो वर्षं पारा काढला, त्याच रूपात तो परत जमिनीत.

करारातली सर्वांत नाजूक जागा सोन्याची आहे. मानवी कारणांनी हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा. गाळातले सोन्याचे कण पाऱ्याला धरतात, तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, घानात, इंडोनेशियात यावर लाखोंची चूल पेटते. त्यामुळे करार इथे सरसकट बंदी घालत नाही. जिथे असं खाणकाम मोठं आहे, त्या देशांनी राष्ट्रीय कृती आराखडा करावा आणि वस्तीत गोळे तापवण्यासारखे सर्वांत घातक प्रकार थांबवावेत, एवढंच मागतो. आणि सोन्याचा भाव वाढला की पारा हाताशी घेण्याचा मोह वाढतोच.