पैलवानाचा कान आणि पैलवानाची नजर

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. अशा मैदानावर गर्दीतला पैलवान ओळखायला लोकांना एक खूण पुरते, चुरगळून गाठ झालेला कान. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडताना, डोकं त्याच्या मांडीवर घासतं, मानेवर पकड बसली की कान दाबला जातो. कानाच्या वरच्या भागातल्या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण तिला घट्ट चिकटलेल्या पातळ आवरणातून होतं. रगडण्याने हे आवरण सुटतं, फटीत रक्त साचतं आणि कूर्चा उपाशी पडते. ते रक्त वेळेत काढलं नाही, तर तिथे वेडीवाकडी, कडक ऊती तयार होते. म्हणजे कान फक्त एवढंच सांगतो, की तो खूप रगडला गेला आहे. तो रग्बीतही रगडला गेलेला असू शकतो, आणि जिंकणाऱ्याचा असेल की रोज चितपट होणाऱ्याचा, हे त्यावरून कळत नाही.

तालीम खरी दिसते ती हालचालीत, तीही समोर कुणी असेल तेव्हाच. काही दिसल्याबरोबर हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि केवळ दिवा लागताच बटण दाबायचं असेल तर सरावलेला खेळाडू इतरांहून फारसा वेगळा ठरत नाही. मग तो आधी कसा हलतो? हल्ल्याचं चित्रण वार पूर्ण होण्याआधीच थांबवून ‘पुढे काय?’ असं विचारलं, की कराटेतले अनुभवी खेळाडू नवख्यांपेक्षा अचूक उत्तर देतात. खांदा, कंबर, वजन कुठल्या पायावर आहे, यातून त्यांना डाव सुरू होतानाच वाचता येतो. कुस्तीत पकड बसण्याआधी चालणारी खडाखडी म्हणजे हेच वाचन. खो-खोतही ते दिसतं. धाराशिवची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खो ही काही लढाई नव्हे, पण हुलकावणी देणाऱ्याला हेच वाचन लागतं: पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की तो खांबापर्यंत मागे फिरू शकत नाही, म्हणून त्याची दिशा ठरण्याचा क्षण पकडायचा. या विद्येची शरीरावर कुठेच खूण उरत नाही.

कुणी म्हणेल, जुने वस्ताद तर नुसत्या चालीवरून पैलवान ओळखतात. ओळखतात, हे मला मान्य आहे. पण ते बहुधा तालमीत किंवा जत्रेच्या फडात ओळखतात, जिथे पैलवान भेटण्याची शक्यताच मोठी असते; शिवाय बरोबर निघालेला अंदाज गावभर सांगितला जातो, चुकलेला विसरला जातो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची मान, छाती किंवा चाल पाहून तो लढू शकेल की नाही हे ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे. साध्या अंगाच्या मुलीने चार वर्षं ज्युदो केलेला असेल, तर ते ती तोल जाऊन पडताना कळेल: हनुवटी छातीकडे ओढलेली, आघात हाताच्या आणि पाठीच्या रुंद भागावर वाटून घेतलेला.

कानाला दागिना मानणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. सूज ताजी असताना डॉक्टरांनी रक्त काढून वर घट्ट पट्टी बांधली, तर कान बराचसा पूर्ववत राहू शकतो. कान असा साधा राहिला, तरी पट तितक्याच वेगाने निघतो.