निजामुद्दीन बस्ती : एका गावाचा वारसा आणि त्याचे साहित्यिक दुवे

प्रस्तावना

दिल्लीतील 'हजरत निजामुद्दीन' हे नाव तुम्ही रेल्वे स्थानकाचे म्हणून ऐकले असेल. स्थानकाजवळच्या बस्तीच्या जागी पूर्वी घियासपूर नावाचे गाव होते. सूफी संत निजामुद्दीन औलिया यांच्या वास्तव्यामुळे या गावाला साहित्याच्या इतिहासात स्थान मिळाले. ते कसे, हे आपण पाहू.

संताचे सान्निध्य

औलियांचे निधन १३२५ साली झाले. त्यांचे शिष्य, फारसी कवी अमीर खुसरो त्याच वर्षी वारले; त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. संताजवळ चिरविश्रांती मिळावी, ही भावना तुम्हाला परकी वाटणार नाही. पंढरपूरची नामदेव पायरी आणि चोखामेळ्यांची समाधी आठवा. याच ओढीने परिसरात कबरी वाढत गेल्या. दोहे रचणारे अब्दुल रहीम खानखाना (मृत्यू १६२७) यांचा मकबरा जवळच आहे. मिर्झा गालिब (मृत्यू १८६९) यांची कबर बस्तीतच आहे.

महाराष्ट्राशी नाते

कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ पासून औलियांची संभाषणे टिपून ठेवली. 'फवाइद-उल-फुआद' हा फारसी ग्रंथ त्यातून तयार झाला. पुढे मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी केली, तेव्हा हसनही दक्षिणेत आले. त्यांची कबर खुलताबादला आहे. म्हणजे ज्या ग्रंथातून घियासपूरचा संत आपल्याशी बोलतो, त्याचा कर्ता महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे.

दुव्यांची पारख

खुसरोंच्या फारसी ग्रंथांना हस्तलिखितांचा आधार आहे. त्यांच्या नावावरची हिंदवी गीते व कोडी मात्र मुख्यतः मौखिक परंपरेने आली; त्यांच्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. लोकांनी कवीला कसे जपले, याचा तो पुरावा आहे.

दगडी वारसा तरी अढळ असतो का? अठराव्या शतकात रहीम यांच्या मकबऱ्याचे दगड काढून सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी वापरले गेले. संवर्धनानंतर तो २०२० मध्ये लोकांसाठी खुला झाला. मधल्या काळात रहीम यांचे दोहे मात्र लोकांच्या तोंडी टिकून होते.

स्वाध्याय

तुमच्या गावाशी जोडलेला एक साहित्यिक निवडा. त्याच्याविषयीची माहिती वास्तू, लिखित साधन आणि लोकस्मृती अशा तीन गटांत मांडा. तिन्ही कुठे जुळतात आणि कुठे नाहीत, ते लिहा.