चाउ डॉक ते नॉम पेन्ह : मेकाँगवरून सीमापार

व्हिएतनाममधून कंबोडियात जायचंय? मग विमान सोडा, चाउ डॉकहून नॉम पेन्हची स्पीडबोट पकडा. साधारण पाच तासांचा प्रवास. सुरुवातीलाच पाण्यावर तरंगणारी घरं दिसतात. त्यांच्या जमिनीखाली जाळीचे पिंजरे असतात आणि त्यांत मासे पाळतात. म्हणजे घराखालीच शेती! मला हा भाग सगळ्यात आवडतो. काठावर चाम मुस्लिमांची वस्ती, मशिदी. सीमेवर उतरून पासपोर्टवर शिक्के घ्यायचे, की पुढे कंबोडिया.

नॉम पेन्हला मेकाँगला तोनले साप नदी मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तोनले साप चक्क उलटी वाहू लागते आणि तिच्या वरच्या टोकाचं सरोवर कित्येक पटींनी पसरतं.

व्हिसाचे नियम निघण्याआधी नक्की तपासा.