ब्लू-रे : जांभळ्या लेसरची तबकडी

ब्लू-रे ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची प्रकाशीय तबकडी आहे. आकारमानाने ती सीडी आणि डीव्हीडीइतकीच असते. मात्र डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० गिगाबाइट. पूर्ण लांबीचा चित्रपट हाय-डेफिनिशन दर्जात घरच्या पडद्यावर दाखवता यावा, यासाठी ती तयार झाली.

तिन्ही तबकड्यांचे मूळ तत्त्व एकच आहे. प्लॅस्टिकच्या आतील पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खळगे असतात आणि ते मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या सर्पिल मार्गावर ओळीने मांडलेले असतात. तबकडी फिरत असताना लेसरचा ठिपका या मार्गावरून सरकतो. सपाट जागेवरून प्रकाश भरपूर परततो, खळग्यावरून कमी. परतलेल्या प्रकाशातील हे चढउतार टिपून यंत्र त्यांतून आकडे वाचते. खळगे जितके लहान आणि मार्ग जितके जवळजवळ, तितकी माहिती अधिक. पण वाचणारा ठिपकाच मोठा असेल, तर तो शेजारच्या ओळींवरही पडतो आणि सगळा घोळ होतो. म्हणून तबकडीची क्षमता वाढवायची म्हणजे आधी ठिपका लहान करायचा.

ठिपक्याचा व्यास दोन गोष्टींवर ठरतो. प्रकाशाची तरंगलांबी कमी केली की तो आक्रसतो. भिंग प्रकाश जितक्या मोठ्या कोनातून एकवटते, तितका तो अधिक आक्रसतो. भिंगाची ही ताकद एका अंकाने सांगतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर आणि ०.४५ अंकाचे भिंग वापरले जाते; डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि ०.६० अंकाचे. ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणि ०.८५ अंकाचे भिंग आहे. नाव निळ्या किरणाचे असले तरी हा रंग प्रत्यक्षात जांभळा आहे. या दोन बदलांमुळे ठिपक्याचे क्षेत्रफळ डीव्हीडीच्या ठिपक्याच्या सुमारे एक पंचमांशावर आले आणि त्याच हिशेबाने क्षमता पाचपटीहून थोडी अधिक झाली. मार्गांमधील अंतर डीव्हीडीत ०.७४ मायक्रोमीटर होते, ते ०.३२ झाले, सर्वांत आखूड खळगा ०.१५ मायक्रोमीटरच्या आसपास आला. एका थरातील सर्पिल मार्ग उलगडून सरळ केला, तर तो सुमारे २७ किलोमीटर भरेल, म्हणजे जवळपास चर्चगेट ते गोरेगाव.

इतक्या ताकदीच्या भिंगाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली. फिरताना तबकडी किंचित कलली, तरी प्लॅस्टिकमधून जाणारा झोत विस्कटतो. हा दोष भिंगाच्या अंकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मात्र झोताला पार करावे लागणारे प्लॅस्टिक जितके पातळ केले, तितक्याच प्रमाणात तो कमी होतो. सीडीमध्ये झोत १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकमधून जातो, डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरमधून. ब्लू-रेच्या रचनाकारांनी हे आवरण ०.१ मिलिमीटरवर आणले. बाकीची १.१ मिलिमीटर जाडी केवळ आधारासाठी राहिली.

यातून दुसरी अडचण उभी राहिली. माहिती पृष्ठभागाच्या इतकी जवळ आली, की बोटाचा ठसा किंवा बारीक चरादेखील वाचनात व्यत्यय आणू लागला. म्हणून सुरुवातीच्या तबकड्या प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून मिळत आणि डबीसकटच यंत्रात सरकवाव्या लागत. टीडीके कंपनीने ओरखडे न पडणारे कठीण लेपन तयार केल्यावर ही डबी निकाली निघाली. तरीही राहिलेल्या चुका भरून काढायला गणिताची मदत घेतलेली आहे. माहितीच्या दर २१६ बाइटना ३२ तपास-बाइट जोडलेले असतात आणि हे सारे बाइट एकापाठोपाठ न ठेवता ६४ किलोबाइटच्या गठ्ठ्यात दूरदूर विखुरलेले असतात. एखाद्या चऱ्याने सलग तुकडा पुसला, तरी प्रत्येक संचातले थोडेच बाइट जातात आणि यंत्र ते पुन्हा हिशेबाने मिळवते.

कारखान्यात तबकडी बनते ती छपाईच्या पद्धतीने. प्रथम लेसरने मूळ प्रत कोरतात आणि तिच्यावरून निकेलचा साचा घेतात. तापवून पातळ केलेले पॉलिकार्बोनेट या साच्यात दाबले, की खळगे उमटलेली १.१ मिलिमीटरची चकती मिळते. तिच्यावर धातूचा परावर्तक थर चढवतात आणि शेवटी ०.१ मिलिमीटरचे पारदर्शक आवरण व कठीण लेप देतात. आवरणाची जाडी काही मायक्रोमीटरनेही इकडेतिकडे होऊन चालत नाही. दुहेरी तबकडीत एक थर पृष्ठभागापासून १०० मायक्रोमीटरवर आणि दुसरा ७५ मायक्रोमीटरवर असतो. चित्रपट एका थरावरून दुसऱ्यावर जाताना यंत्राचे भिंग हा २५ मायक्रोमीटरचा फरक चालत्या तबकडीवर सांभाळून घेते.

या तंत्राला लागणारा लेसर १९९०च्या दशकापर्यंत उपलब्धच नव्हता. जपानमधील तोकुशिमा प्रांतातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडपासून १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी बनवला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच पदार्थापासून लेसर डायोडही तयार झाला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

फेब्रुवारी २००२मध्ये सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग, पायोनियर यांसह नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. पहिले रेकॉर्डर यंत्र सोनीने एप्रिल २००३मध्ये जपानमध्ये विकायला काढले. किंमत होती साडेचार लाख येन. तोशिबाने मात्र एचडी डीव्हीडी हा वेगळा मार्ग धरला. तिचा लेसरही ४०५ नॅनोमीटरचाच, पण भिंग ०.६५ अंकाचे आणि आवरण डीव्हीडीसारखेच ०.६ मिलिमीटरचे. त्यामुळे डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्या फेरफाराने कामी येत. पण एका थराची क्षमता १५ गिगाबाइटवरच थांबत होती. २००६ साली दोन्ही बाजूंची चित्रपट दाखवणारी यंत्रे बाजारात आली आणि हॉलिवूडचे स्टुडिओ दोन गटांत विभागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३मध्ये सोनीने ब्लू-रे यंत्र बसवूनच दिले, त्यामुळे खेळासाठी घेतलेल्या उपकरणाबरोबर ते लाखो घरांत पोहोचले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेवर चित्रपट काढायचे ठरवले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली.

वाढलेल्या जागेचा उपयोग पडद्यावर दिसतो. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीत एका चौकटीत ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख बिंदू असतात. ब्लू-रेत १९२० × १०८०, म्हणजे २०.७ लाख. चित्रासाठी डीव्हीडीला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळत, ब्लू-रेला ४० मिळतात. शिवाय चित्रपटगृहातल्याप्रमाणे सेकंदाला २४ चौकटी तशाच साठवता येतात. पाल डीव्हीडीवर त्या २५च्या वेगाने चालवत. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे सुमारे ६ मिनिटे आधी संपे. ध्वनीही डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओमध्ये काहीही न गाळता साठवता येतो.

नक्कल रोखण्यासाठी तबकडीवरील मजकूर कुलूपबंद असतो आणि विक्रीसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिका आणि जपान ए विभागात, भारत सी विभागात. विभागाचे बंधन घातलेली अमेरिकेतली तबकडी भारतातल्या साध्या यंत्रात चालत नाही. सर्वच तबकड्यांवर मात्र हे बंधन नसते. २०१६मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेमध्ये विभागांचे बंधन ठेवलेले नाही. तिची क्षमता ५०, ६६ किंवा १०० गिगाबाइट, चित्र ३८४० × २१६० बिंदूंचे आणि वेग सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत आहे.

तोपर्यंत प्रेक्षक इंटरनेटकडे वळला होता. सॅमसंगने २०१९मध्ये नवी ब्लू-रे यंत्रे बनवणे थांबवले आणि सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केले. छापील चित्रपटांच्या तबकड्या मात्र निघतच आहेत, विशेषतः जुन्या चित्रपटांच्या डागडुजी केलेल्या आवृत्त्या. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांतून आणि इतर प्रतींमधून सिद्ध केलेली नवी प्रत २०१५मध्ये ब्लू-रेवर आली.

ऑनलाइन चित्रपट सोयीचा आणि स्वस्त असतो, पण तो मंचाच्या मर्जीने येतो, मर्जीने जातो आणि इंटरनेटच्या वेगात बसावा म्हणून अधिक आवळलेला असतो. चित्र व ध्वनीचा दर्जा आणि हक्काची प्रत या दोन्ही बाबतींत घरच्या प्रेक्षकासाठी आजही ब्लू-रेच सरस आहे. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी ती कडेला धरून हाताळावी, उभी ठेवावी आणि पुसायची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोलाकार पुसू नये, कारण मार्गाच्या दिशेने गेलेला चरा दुरुस्त करणे यंत्राला सर्वांत कठीण जाते.