मडक्याच्या तोंडापासून सुरू होणारी वाट

परीक्षेच्या सकाळी वर्गातली बाकं भिंतीकडे सरकवलेली असतात. मधोमध टेबल, त्यावर फडका, फडक्यावर मातीचं मडकं, पितळी गडवा आणि एक-दोन संत्री. भोवती मुलं बोर्ड घेऊन बसलेली. एक डोळा मिटायचा, हात ताठ लांब करायचा आणि उभ्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत गडव्याची उंची मापायची. अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी मुलांची कलेशी पहिली रीतसर ओळख अशी होते. तिचं सरकारी नाव शासकीय रेखाकला परीक्षा. मुलांच्या तोंडी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट.

१९६५ साली स्थापन झालेलं राज्याचं कला संचालनालय ही परीक्षा घेतं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून उभं आहे, पण ते गाठायला अकोल्याहून रात्रभराचा रेल्वेप्रवास. ही परीक्षा मात्र आपल्या तालुक्यात येते. कलाशिक्षणाचं एवढं जवळचं दार दुसरं नाही, म्हणूनच मला तिचं मोल वाटतं.

तिचे विषय साधे दिसतात : वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमितीसोबत अक्षरलेखन. यातला एकेक विषय डोळ्याला नवी सवय लावतो. मडक्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून नवशिकं पोर ते गोलच काढतं. बसल्या जागेवरून दिसते ती चपटी लंबगोल कड. बुड आपल्या नजरेपासून आणखी खाली, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा अधिक फुगीर दिसते. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतं ते काढायचं, हा वस्तुचित्राचा गाभा. मग उजेडाची बाजू, अंधाराची बाजू आणि टेबलावर पडलेली सावली. गडवा आणि मडकं यांच्यामधल्या रिकाम्या जागेचाही आकार असतो, तो पकडला की दोन्ही वस्तू आपोआप जागेवर बसतात.

स्मरणचित्रात आपल्या मुलांची खरी श्रीमंती दिसायला हवी. पोळ्याला सजवलेले बैल, ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया, आठवडी बाजारातला मिरच्यांचा ढीग, हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं. तरी कागदावर पुष्कळदा दोन डोंगरांमधला सूर्य आणि नारळाची झाडं उमटतात. तयार चित्रं गिरवून पाठ केल्याचा हा परिणाम. बाई वाकून बोंडातला कापूस ओढते तेव्हा पाठीचा कणा कसा वळतो, कोपर कुठं येतं, हे ज्यानं शेताच्या धुऱ्यावर बसून पाहिलं, त्याला कुणाचं चित्र पाठ करावं लागत नाही.

हेच विषय पुढं कला महाविद्यालयाच्या दारात पुन्हा भेटतात. चार वर्षांच्या बीएफए पदवीसाठी बारावी लागते, शाखा कुठलीही चालते. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. त्यावर राज्याची सीईटी. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सोबत सामान्य ज्ञान. सगळं वेळेच्या बंधनात, म्हणून घरी घड्याळ लावून बसण्याची सवय हवी. अहमदाबादच्या एनआयडीसारख्या डिझाइन संस्था किंवा आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, यांच्या वाटा वेगळ्या. तिथं रेखाटनासोबत समस्या सोडवण्याची बुद्धी तपासतात. अधिवास, जात, नॉन क्रिमिलेयर हे दाखले आधीच काढून ठेवावेत. चित्र उत्तम असूनही कागदासाठी धावपळ करण्याची वेळ कुणावर येऊ नये.

शासकीय चित्रकला महाविद्यालयं मुंबईबाहेर मोजकीच. आपल्याला जवळचं नागपूर : अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशेच्या आसपास. खोलीभाडं, रंग, कागद यांचा हिशेब शेतकरी घराला जड जातो, आणि "चित्र काढून पोट भरते काय?" हा प्रश्नही घरातूनच येतो. त्याला उत्तर आहे. उपयोजित कलेतून जाहिरात, पुस्तकं, अॅनिमेशनकडे वाट जाते, वस्त्रसंकल्पातून कापडाकडे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या मुलानं कापडावरची नक्षी रेखावी, यात परकं काय?

याच वाटेनं एक माणूस फार दूर गेला. अंबादास खोब्रागडे यांचा जन्म १९२२ मध्ये अकोल्यात झाला. १९५२ साली त्यांनी जे. जे.मधून पदविका घेतली, तेव्हा अकोला मध्य प्रदेशात होतं. मुंबईला जाणं म्हणजे परराज्यात जाणं. पुढं जगदीश स्वामिनाथन, ज्योती भट्ट, हिम्मत शाह यांच्यासह बारा कलावंतांच्या 'ग्रुप १८९०'मध्ये ते होते. त्या गटाचं १९६३ चं दिल्लीतलं प्रदर्शन भारतीय आधुनिक चित्रकलेत महत्त्वाचं मानलं जातं. १९७०च्या दशकात ते नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये तिथंच वारले. आकृती सोडून रंगाच्या प्रवाहावर भिस्त ठेवणारे हे अमूर्त चित्रकार मूळचे आपल्या अकोल्याचे, हे तिथल्या प्रत्येक चित्रकलेच्या वर्गात सांगितलं जावं.

इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. त्यांच्यासाठी मुलं परीक्षेला बसतात याचा मला राग नाही. दुःख होतं ते गुण हाती पडल्यावर पेन्सिल सुटते याचं. अकरावी-बारावीची दोन वर्षं हात कोरडा राहतो, आणि सीईटीच्या आधी घाईघाईनं क्लास शोधला जातो. त्यापेक्षा पन्नास रुपयांची वही दप्तरात असू द्यावी. बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना समोर पोत्यावर टेकून झोपलेला माणूस दोन मिनिटांत रेखावा, उद्या आणखी एक. अशा वह्या भरत गेल्या की सीईटीच्या टेबलावरचं मडकं ओळखीचं वाटतं, आणि त्याचं तोंड पोर गोल काढत नाही.