थेंब मोजू नका, ग्रॅम लिहा

एका वर्कशॉपमध्ये मी वाळा, मोगरा आणि लिंबाचं तेल मिसळून घरासाठी सुगंध बनवला. दुकानात ठेवला, तर एका ताईंनी लगेच सहा बाटल्या सांगितल्या. आणि मी अडकलो! कारण मी थेंब मोजले होते, तेही अंदाजे. वाळ्याचं तेल घट्ट, लिंबाचं पातळ. दोघांचा थेंब सारख्या वजनाचा नसतोच. शिवाय लिंबू आधी उडून जातं, वाळा मागे राहतो. म्हणून पट्टीवरच्या पहिल्या वासावर खूश होऊ नका, दुसऱ्या दिवशी परत हुंगा.

छोटा डिजिटल काटा घ्या. वाळा ४ ग्रॅम, मोगरा १, लिंबू ५, असं वहीत लिहा. अस्सल मोगरा फार महाग असतो बरं का, अर्धा ग्रॅम जास्त पडला तरी नफा गेला. ताईंची ऑर्डर? तो वास मला परत जमलाच नाही.