जावाची ठिणगी

जावा मोटारसायकलीच्या इंजिनाचे उजवीकडील झाकण काढले की दृष्टीस पडणारा डायनॅमो हा दोन खात्यांचा कारभार एकट्याने वाहणाऱ्या जुन्या कारकुनासारखा आहे. बॅटरीला वीज पुरवावी आणि पॉइंट नावाच्या संपर्कबिंदूंच्या उघडझापेने सिलिंडरातील ठिणगीची वेळही सांभाळावी, अशी त्याची दुहेरी चाकरी. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात फ्रान्तिशेक यानेचेक यांनी सुरू केलेले हे वाहन पुढे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला तरी त्याच्या गाड्या काही बंद पडल्या नाहीत.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून सहा व्होल्टचा प्रवाह वाहतो. कॅम ते उघडतो, प्रवाह अकस्मात तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. पॉइंटमधले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर, परंतु कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, अंतर घटते, ठिणगी उशिरा पडते, आणि चढावर गाडी दम टाकते. एका पावसाळ्यात घाटात माझी गाडी अशीच रुसली, तेव्हा प्लग काढून इंजिनाला टेकवीत मिस्त्री म्हणाला, “काका, करंट आहे, टायमिंग गेलंय.” त्याने पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला, फीलर गेजचे पाते सरकवले, आणि तिसऱ्या किकेला गाडी बोलू लागली.

आता वापे या चेक कंपनीचा संच मिळतो. त्यात डायनॅमोच्या जागी कायम चुंबकांचे चक्र बसते, पॉइंटचा पदभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे जातो, वीज बारा व्होल्टची होते आणि ठिणगीला बॅटरीची मिनतवारी करावी लागत नाही. दिवे आणि हॉर्न मात्र बदलणे प्राप्त. इंजिनाच्या धातूस कोठेही कानस लागत नसल्याने, अस्सलपणाच्या नावाने या बदलास हरकत घेणाऱ्यांचा कैवार मला घेववत नाही. हरकत असलीच तर ती निराळी: पॉइंट कुरकुरत कुरकुरत बिघडतात, इलेक्ट्रॉनिक पेटी एका क्षणात मुकी होते, आणि तिच्यापुढे घाटातल्या मिस्त्रीचा पॉलिश पेपर निरुपयोगी ठरतो.

मी संच बसविला. जुना डायनॅमो तेलकट फडक्यात गुंडाळून, पॉइंटची एक नवी जोडी सोबत ठेवून, माळ्यावर चढविला आहे.